सुपरकंडक्टिंग कॉइल दरवेळी लवकर क्वेंच होतेय? फॉर्मर उघडायच्या आधी आकडे वाचा

तक्रार बहुतेक वेळा एकाच चालीची असते. हिशेबानं कॉइल १२० अँपिअरला जायला हवी. पहिल्यांदा चढवली तर ७० ला क्वेंच, म्हणजे तार सुपरकंडक्टिंग (रोधाशिवाय करंट नेणारी) राहतच नाही; हेलियमचा ढग, पुन्हा भरा, पुन्हा चढवा, ८० ला क्वेंच. मग आमच्याकडे कोल्हापूरच्या उद्यमनगरात फोन येतो, "तार खराब लागली काय हो?"

तार खराब असणं ही शेवटची शक्यता. कंपनीतून येणारी नायोबियम-टायटॅनियमची तार आज इतकी भरवशाची असते की दोष बहुतेक ती गुंडाळणाऱ्याचा, तिला धरून ठेवणाऱ्या सांगाड्याचा (फॉर्मरचा) किंवा तिच्या टोकांना दिलेल्या डागाचा (सोल्डरचा) निघतो. आमच्याकडे शेतीपंपाच्या मोटरी भरण्यात पिढ्या गेल्या, त्यामुळे हात तयार आहेत. पण मोटर भरताना चालून जाणाऱ्या बऱ्याच सवयी ४.२ केल्विनला, म्हणजे द्रव हेलियमच्या थंडीत, चालत नाहीत. खाली जे लिहिलंय ते लहान सोलेनॉइडसाठी (नळीवर गुंडाळलेल्या कॉइलसाठी) आहे, म्हणजे लॅबमध्ये द्रव हेलियममध्ये बुडवून चालवायच्या, चार-पाच टेस्लाच्या कॉइलसाठी.

'लवकर' म्हणजे कशाच्या आधी?

आधी हे ठरवा. तारेच्या तुकड्याचा क्रिटिकल करंट, म्हणजे सुपरकंडक्टिंग राहून तार नेऊ शकते तो जास्तीत जास्त करंट, उत्पादक देतो, अमुक टेस्लाला इतके अँपिअर. पुष्कळ मुलं कॉइलच्या मध्यबिंदूचं चुंबकीय फील्ड घेऊन त्या तक्त्यात बघतात आणि तिथंच फसतात. तारेला मध्यबिंदूचं फील्ड दिसत नाही, तिला स्वतःच्या जागचं दिसतं, आणि सगळ्यात जास्त फील्ड असतं सगळ्यात आतल्या थरावर, लांबीच्या मध्याशी. लांब आणि बारीक सोलेनॉइडमध्ये फरक नगण्य. आखूड आणि जाड कॉइलमध्ये मात्र तो दहा-वीस टक्के सहज होतो. म्हणजे ज्याला तुम्ही '८५ टक्क्यांवर क्वेंच' म्हणताय ती कॉइल कदाचित आपल्या खऱ्या मर्यादेलाच पोचलेली असेल. हा हिशेब चुकला असेल तर पुढचं सगळं वाचून काही उपयोग नाही.

क्वेंचच्या आकड्यांची चाल बघा

प्रत्येक क्वेंचचा करंट, तो किती वेगानं चढवला, हेलियमची पातळी आणि बाथचा (कॉइल बुडालेल्या द्रव हेलियमचा) दाब, एवढं ओळीनं लिहून ठेवा. चार ओळी झाल्या की रोग बोलायला लागतो.

करंट दरवेळी थोडा थोडा वाढत असेल, ७०, ८०, ८७, ९१ असा, तर हे ट्रेनिंग आहे, म्हणजे प्रत्येक क्वेंचनंतर कॉइल थोडं जास्त सोसायला शिकतेय. कारण यांत्रिक. कुठंतरी तार सरकतेय किंवा रेझिन तडकतंय.

करंट दरवेळी जवळपास तोच येत असेल आणि चढवण्याचा वेग बदलला तरी हलत नसेल, तर तारेची खरी मर्यादा, एखादी जखमी झालेली जागा किंवा खराब जोड. ट्रेनिंगची वाट बघत हेलियम उडवू नका, तो वाढणार नाही.

सावकाश चढवल्यावर जास्त आणि भराभर चढवल्यावर कमी येत असेल, तर चढवतानाच उष्णता तयार होतेय. ही परीक्षा घेताना मात्र एक खोच आहे. ट्रेनिंगही त्याच वेळी चालू असेल तर दुसऱ्या खेपेचा आकडा आपोआपच वाढलेला दिसतो आणि श्रेय वेगाला जातं. म्हणून सावकाश, मग वेगानं, मग परत सावकाश, अशा क्रमानं घ्या.

आणि आकडे वाटेल तसे उड्या मारत असतील, ९०, ६२, ८५, ५५, तर कॉइलकडे जाण्याआधी पॉवर सप्लाय, हेलियमची पातळी आणि क्वेंच डिटेक्टर तपासा. कित्येकदा क्वेंच झालेलाच नसतो. कमी फील्डवर तारेत फ्लक्स जंप होतात (तारेत अडकलेलं फील्ड एकदम सरकतं), व्होल्टेजचे बारीक टोक येतात, आणि डिटेक्टर त्यालाच क्वेंच समजून सप्लाय तोडतो. कॉइलच्या मध्यातून टॅप (व्होल्टेज मोजायची तार) काढून दोन अर्ध्यांची तुलना करा, म्हणजे चढवतानाचं इंडक्टिव्ह व्होल्टेज एकमेकांत वजा होतं. मर्यादा १०० मिलिव्होल्ट, आणि ती सलग १० मिलिसेकंद टिकली तरच तोडायचं, अशी सुरुवात ठेवली तर बहुतेक खोटी तोडणी थांबते. हेलियम खरंच उकळलं का हे बघा. नसेल उकळलं तर क्वेंच नव्हता.

एवढ्याशा हालचालीनं काय होतं?

खूप होतं. उद्यमनगरच्या माणसाला हेच पटवणं सगळ्यात अवघड, कारण आपल्याला मायक्रॉन म्हणजे फक्त ग्राइंडिंगच्या फिनिशिंगपुरता माहीत.

तांब्याचा एक किलो खोलीच्या तापमानाला एक अंश तापवायला ३८५ ज्यूल लागतात. ४.२ केल्विनला लागतो साधारण ०.१ ज्यूल. म्हणजे चार हजारपट कमी. त्या थंडीत पदार्थाला उष्णता पोटात ठेवायची ताकदच उरलेली नसते.

आता दुसरी बाजू. ५ टेस्लामध्ये १०० अँपिअर नेणाऱ्या एक मीटर तारेवर ५०० न्यूटन, म्हणजे पन्नासेक किलोचा जोर बसतो. ०.७ मिमीची तार धरली तर वाइंडिंगमध्ये चौरस मिलिमीटरला २०० अँपिअर होतात, आणि मग वाइंडिंगच्या प्रत्येक घन सेंटिमीटरवर १०० किलो वजनाइतका जोर. साखरेच्या खड्याएवढ्या जागेवर सिमेंटची दोन पोती.

५ टेस्लाला नायोबियम-टायटॅनियमची सुपरकंडक्टिव्हिटी सव्वासात केल्विनच्या आसपास जाते. क्रिटिकल करंटच्या ८० टक्क्यांवर चालवत असाल तर हाती उरतं फक्त ०.६ केल्विन. या जोराखाली तार दीड-दोन मायक्रॉन सटकन सरकली आणि ते सगळं काम उष्णतेत गेलं, तर त्या जागी तेवढे ०.६ केल्विन संपतात. तो ठिपका साधी तार होतो, करंट तांब्यात शिरतो, तांबं तापतं, शेजारचे वेढे तापतात, आणि काही क्षणांत कॉइलची सगळी ऊर्जा हेलियममध्ये. एक हेन्रीची कॉइल १०० अँपिअरला असेल तर ५ किलोज्यूल. एक लिटर द्रव हेलियम उकळायला २.६ किलोज्यूल पुरतात, तेव्हा जवळजवळ दोन लिटर गेलं म्हणून समजा.

म्हणून क्वेंचवर काम करायचं म्हणजे हालचालीवर काम करायचं. सरकायचंच असेल तर कमी करंटला, हळू, आणि घर्षण कमी असलेल्या जागी सरकू दे. जास्त करंटला झटका बसता कामा नये.

ताण, आणि लाइट जाणे

०.७ मिमीच्या तारेला गुंडाळताना दीड-दोन किलोचा ताण ठेवतो. याहून महत्त्वाचं म्हणजे तो पहिल्या वेढ्यापासून शेवटच्यापर्यंत तेवढाच राहायला हवा. हातानं चिमटीत धरून तार सोडणारे कारागीर मोटरच्या कामात कितीही तरबेज असले तरी इथं नको. त्यांचा हात दुपारी जेवण झाल्यावर सैल पडतो, हे मी कॉइल कापून बघितल्यावर सांगतोय: थर मोजत गेलं की जेवणाची सुट्टी कुठं झाली ते दिसतं.

लाइट गेली की मशीनचा इलेक्ट्रिक ब्रेक सुटतो आणि शेवटचे काही वेढे ढिले पडतात. लाइट आल्यावर तिथूनच पुढं गुंडाळायचा मोह होतो. करू नका. निदान तो पूर्ण थर उलटा काढा, मग पुढं चला. आम्ही आता वजन लटकवलेला साधा यांत्रिक ब्रेक वापरतो. दिसायला गावठी आहे, पण महावितरणवर अवलंबून नाही.

थराच्या टोकाला, जिथं तार वरच्या थरात चढते, तिथं पोकळी राहते. ती काचेच्या धाग्यानं भरा. ती रिकामी सोडली तर तार सरकायला जागा तयारच आहे, आणि नुसत्या रेझिननं भरली तर तडा जायला.

फॉर्मर कशाचा?

आपल्याकडे टर्नरला ॲल्युमिनियम आवडतं. झटपट कातलं जातं, हलकं, मिळतंही कुठंही. पण खोलीच्या तापमानापासून ४ केल्विनपर्यंत ॲल्युमिनियम ०.४१ टक्के आकसतं, तांबं ०.३२, स्टेनलेस ३०४ सुमारे ०.३०, आणि नायोबियम-टायटॅनियम जेमतेम ०.१९. तांबं आणि नायोबियम-टायटॅनियम मिळून झालेली तार ०.२७ च्या आसपास बसते.

१०० मिमी व्यासाच्या ॲल्युमिनियम फॉर्मरचा हिशेब करा. त्रिज्येत फॉर्मर २०० मायक्रॉनहून जास्त आत जातो, वाइंडिंग १३५ जातं. उरली सत्तरेक मायक्रॉनची फट. गुंडाळतानाच्या ताणामुळे वाइंडिंग थोडं आत दबतं, त्यातली पंचवीसेक मायक्रॉन भरून निघते. बाकीची राहते. स्टेनलेसमध्ये हीच फट पंधराच्या घरात, म्हणजे ताणानं पूर्ण भरून निघते आणि वर थोडी पकडही उरते. ज्याला दीड-दोन मायक्रॉन महाग, त्यानं पंचेचाळीस मायक्रॉन मोकळे सोडायचे आणि मग तारेला दोष द्यायचा, हे काही खरं नाही.

ॲल्युमिनियमच वापरायचं असेल तर वाइंडिंगच्या बाहेरून स्टेनलेस किंवा ॲल्युमिनियमची तार चांगल्या ताणात बांधून घ्या. करंट चढल्यावर वाइंडिंग बाहेरच फुगायला बघतं, ते बाहेरूनच अडवलं की आतल्या फटीचा उपद्रव कमी होतो.

फ्लँजबद्दल, म्हणजे फॉर्मरच्या दोन्ही टोकांच्या उभ्या कडांबद्दल, मी ठाम आहे: वाइंडिंग फ्लँजला चिकटू द्यायचं नाही. सोलेनॉइडची दोन्ही टोकं चुंबकीय जोरानं मध्याकडं ओढली जातात. चिकटलेलं असेल तर कोपऱ्यातलं रेझिन ताणलं जातं, ताणलं जातं आणि ९० अँपिअरला ताडकन सुटतं. मायलर किंवा टेफ्लॉनची फिल्म मध्ये घाला, सुटू दे त्याला १० अँपिअरलाच, गुपचूप. पहिल्या वेढ्यांखाली फॉर्मरच्या नळीवरही हीच फिल्म.

रेझिन, आणि कोल्हापूरचा पाऊस

इपॉक्सी थंडीत एक टक्क्याहून जास्त आकसतं. म्हणजे तारेच्या चौपट. जिथं रेझिन पातळ थरात, काचेच्या कापडासोबत आहे तिथं ते निभावून नेतं. जिथं नुसतं साचलेलं आहे तिथं तडकतं. फ्लँजच्या कोपऱ्यात, टॅप बाहेर काढलेल्या खाचेत चकचकीत पिवळा गोळा दिसला की समजा, क्वेंचची जागा सापडली. थरांमध्ये काचेचं कापड घाला, आणि भरपूर रेझिन लागणाऱ्या जागी ॲल्युमिना पावडर मिसळा, म्हणजे आकसणं कमी होतं.

जून ते सप्टेंबर हे काम आमच्याकडे जपूनच करावं लागतं. अमाइन हार्डनर हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो, वर मेणचट साय येते आणि आतली पकड कच्ची राहते. काचेचं कापडही ओल धरून बसतं. कापड आणि गुंडाळलेली कॉइल ओव्हनमध्ये १०० अंशांच्या वर नेऊन वाळवा, रेझिन व्हॅक्यूममध्ये ठेवून त्यातली हवा काढा, हार्डनरचा डबा उघडा ठेवू नका. एरवी ब्रशनं वार्निश मारून भागतं ते मोटरीला. इथं हवेचा बुडबुडा म्हणजे तारेला आधार नसलेली जागा.

तार जिथं बाहेर पडते

एखादीच जागा तपासायला वेळ असेल तर ही तपासा. वाइंडिंगमधून बाहेर येणारी टोकं मोकळी लोंबकळत असतील तर त्यांच्यावरही तोच जोर बसतो, फक्त धरायला कोणी नसतं. आतल्या थराचं टोक तर सगळ्यात जास्त फील्डमधून वर येतं. खाच कातून त्यात ते बसवा, शेजारी तांब्याची पट्टी पूर्ण लांबीभर डागून घ्या, वर काचेची टेप घट्ट बांधा.

जोड कमी फील्डच्या जागी, कॉइलपासून दूर ठेवा. दोन तारा समांतर ठेवून निदान दहा-पंधरा सेंटिमीटर लांबीचा डाग द्या. टिन-लेडचा डाग ४ केल्विनला स्वतः सुपरकंडक्टिंग असतो, पण थोड्याशा फील्डमध्येच ती अवस्था सोडतो. चांगल्या जोडाचा रोध १० नॅनोओमच्या आसपास येतो. १०० अँपिअरला त्यात फक्त ०.१ मिलिवॅट. तोच एक मायक्रोओम झाला तर १० मिलिवॅट, आणि हा जोड वाइंडिंगमध्येच पुरलेला असेल तर दरवेळी त्याच करंटला क्वेंच. जोड किती महागात पडू शकतो याचं मोठं उदाहरण एलएचसीचं, जिनिव्हाजवळच्या मोठ्या कणवेगवर्धकाचं, आहे. १९ सप्टेंबर २००८ ला दोन मॅग्नेटमधला एक खराब जोड सुटला, आर्क झाला, टनावारी हेलियम बोगद्यात गेलं आणि यंत्र वर्षाहून जास्त बंद राहिलं.

बाथ आणि वेग

हे पटकन सांगतो. हेलियम रिकव्हरीची नळी अरुंद किंवा अर्धवट बंद असेल तर क्रायोस्टॅटमध्ये (हेलियमच्या थंड भांड्यात) दाब वाढतो. ०.१ बार वाढला की बाथचं तापमान साधारण ०.१ केल्विन वर. तुमच्या ०.६ मधला सहावा हिस्सा गेला, कॉइलला हातही न लावता. पातळी कॉइलच्या वरच्या कडेखाली गेली असेल तर चढवूच नका. क्रायोकूलरवर (गार करणाऱ्या यंत्रावर), हेलियमच्या बाथविना चालवणाऱ्यांनी वेग आणखी कमी ठेवावा. ४ केल्विनला तो एक-दीड वॅटच ओढतो, आणि धातूच्या फॉर्मरमधले एडी करंट (बदलत्या फील्डमुळे धातूत फिरणारे प्रवाह) त्यातलाच वाटा खातात.

पाठवण्याआधी नायट्रोजनमध्ये बुडवा

द्रव हेलियम कोल्हापुरात सहज मिळत नाही, पण द्रव नायट्रोजन मिळतो. गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी रेतमात्रा त्यातच ठेवतात, त्यामुळे दुधाच्या या जिल्ह्यात त्याचे कॅन अनोळखी नाहीत. ७७ केल्विनपर्यंत आकसण्याचा ९० टक्क्यांहून जास्त भाग होऊन जातो. म्हणजे फॉर्मर, फ्लँज आणि रेझिन यांचं भांडण इथंच बघायला मिळतं. कॉइल आधी वाफेत हळूहळू गार करा, एकदम बुडवली तर चांगल्या कॉइललाही तडा जाईल. आधी आणि नंतर रोध, इंडक्टन्स आणि फॉर्मरशी इन्सुलेशन मोजा. इंडक्टन्स घटला असेल तर वेढे आपसात भिडलेत. परत गरम झाल्यावर बोटाच्या पेरानं ठोकत सगळीकडून फिरा; जिथं आवाज पोकळ येतो तिथं रेझिन सुटलंय. हे सगळं दारं-खिडक्या उघडी ठेवून. नायट्रोजन आणि हेलियम दोन्ही खोलीतला ऑक्सिजन हटवतात, आणि एक लिटर द्रव हेलियमचा सातशे लिटरहून जास्त वायू होतो.

ट्रेनिंग किती करायचं

थोडं ट्रेनिंग सगळ्यांनाच लागतं, त्यात कमीपणा नाही. एलएचसीचे १२३२ डायपोल कारखान्यातून आल्यावर चाचणीत चढवून बघितलेले होते, तरी २०१५ मध्ये साडेसहा टेराइलेक्ट्रॉनव्होल्टला जाण्याआधी दीडशेहून जास्त ट्रेनिंग क्वेंच घ्यावे लागले. गरम करून परत गार केल्यावर मॅग्नेट शिकलेलं थोडंफार विसरू शकतात.

लहान कॉइलला मी असं बघतो: प्रत्येक क्वेंचला वाढ किती? पहिल्या तीन-चारात दहा-दहा टक्के वाढत असेल तर चालू ठेवा. ७० टक्क्यांच्या खालीच एकेका टक्क्यानं सरकत असेल तर ती कॉइल ढिली आहे, हेलियमच्या पैशात नवी होईल. गरम करून परत गार केल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होत असेल तर तडा प्रत्येक वेळी नव्यानं जातोय, रेझिन बदला. आणि आकडा खाली यायला लागला तर लगेच थांबा. तिथं ट्रेनिंग संपलं, तार जखमी होतेय. डम्प रेझिस्टर आणि डायोड (क्वेंचच्या वेळी कॉइलला वाचवणारे) तपासल्याशिवाय पुन्हा करंट देऊ नका.

प्रत्येक दोन-तीन थरांवर व्होल्टेज टॅप काढलेले असतील तर कुठल्या भागात व्होल्टेज आधी उठलं ते रेकॉर्डरवर दिसतं. दरवेळी तोच भाग असेल तर दुरुस्ती त्या भागापुरती. टॅपच्या बारीक तारा कॉइल भरतानाच घालायच्या, नंतर जमत नाही, आणि खर्च वाचवायला पहिली कात्री त्यांच्यावरच चालवतात.

पहिली नमुना कॉइल असेल तर माझा सल्ला, इपॉक्सीऐवजी पॅराफिन मेणात बुडवा. मेण दुबळं असतं, कमी जोराला आणि कमी ऊर्जा सोडून सुटतं, त्यामुळे लहान कॉइलमध्ये ट्रेनिंग बऱ्याचदा कमी लागतं. मोठ्या जोराच्या कॉइलला ते पुरणार नाही हे खरं. पण चुकलीच तर ७०-८० अंशांवर मेण वितळवून तार परत बॉबिनवर घेता येते. इपॉक्सीतली कॉइल मात्र तारेसकट भंगारात जाते.